उन्हापासून पाचटापर्यंत: परिसंस्थेतली ऊर्जा स्वतः मोजून कशी पाहावी

गुऱ्हाळावर चुलवाणापाशी उभे राहिले की ऊर्जेचा निम्मा धडा डोळ्यांसमोर असतो. उसाने वर्षभर साठवलेले ऊन चिपाडांतून धडाडून बाहेर पडते, काहिलीतला रस आटतो आणि धुराड्यातून वर गेलेली उष्णता त्या शेताच्या कामाला पुन्हा कधीच येत नाही. राख मात्र परत रानात जाते आणि तिच्यातला पालाश पुढच्या पिकाच्या मुळांना मिळतो. परिसंस्थेचा मूळ नियम हाच आहे. पदार्थ फिरून येतो, ऊर्जा फिरून येत नाही. म्हणून परिसंस्थेला रोज नवे ऊन लागते आणि म्हणूनच गवत भरपूर, ससे कमी आणि बिबटे मोजके असतात.

शाळा-कॉलेजात हा विषय बाणांच्या आकृतीवर आणि 'दहा टक्के' (अन्नसाखळीच्या एका पातळीवरच्या ऊर्जेचा दहावा हिस्साच पुढच्या, म्हणजे तिला खाणाऱ्यांच्या पातळीवर जातो) या शब्दांवर संपतो. तो मोजून शिकावा. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. गवताचा एक तुकडा, तलावाचे पाणी, लिंबाच्या झाडावरच्या पाच अळ्या आणि खोडव्यातले (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसातले) पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, एवढ्यावर काम भागते. कोल्हापूर परिसरात या चारही गोष्टी घरापासून पाच-सात किलोमीटरांत सापडतात.

आधी हिशेबाची भाषा

ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात, पण लाइटबिलातले युनिट सगळ्यांच्या ओळखीचे आहे. १ युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. आपल्याकडे एका चौरस मीटरवर वर्षभराच्या सरासरीने रोज साधारण ५ युनिट ऊन पडते, म्हणजे सुमारे १८ मेगाज्यूल. त्यातला निम्म्याहून थोडा कमी भागच प्रकाशसंश्लेषणाच्या कामाचा असतो. बाकीचा उष्णतेच्या स्वरूपात येतो आणि तसाच जातो.

वनस्पती किंवा प्राणी मोजताना नेहमी वाळलेले वजन धरा. ओले वजन फसवते, कारण पाण्यात अन्नऊर्जा नसते. वाळलेल्या वनस्पतीत ग्रॅममागे साधारण १७ किलोज्यूल ऊर्जा असते. हा एक आकडा पाठ असला की बाकीचे गुणाकार सोपे होतात.

वनस्पतीने एकूण जेवढी ऊर्जा बांधली ते स्थूल उत्पादन. त्यातून तिने स्वतःच्या श्वसनावर खर्च केलेली ऊर्जा वजा केली की उरते ते निव्वळ उत्पादन. गाय, नाकतोडा, माणूस, बुरशी या सगळ्यांचे पोट निव्वळ उत्पादनावर चालते. या दोन शब्दांची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर त्यांची व्याख्या लिहून ठेवा.

गवताचा चौकोन

गावचे गायरान किंवा कॉलेजच्या आवारातले मोकळे गवत निवडा आणि परवानगी घ्या. मसाई पठारासारख्या कातळसड्यांवर हा प्रयोग करू नका. तिथली माती बोटभर असते आणि तिच्यावरची पावसाळी फुलझाडे एकदा उपटली गेली तर पुन्हा बसायला फार काळ जातो. राधानगरी अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काडीही तोडता येत नाही.

आपल्याकडचे गवत जूनच्या पावसावर उगवते, सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलोऱ्यावर येते आणि नंतर वाळत जाते. म्हणून कापणी फुलोरा आल्यावर करावी. आधी केली तर उत्पादन कमी दिसते आणि डिसेंबरात केली तर पाने गळून गेलेली असतात.

पीव्हीसी पाइपची १ मीटर बाय १ मीटरची चौकट करा. चार खुंट्या आणि सुतळीनेही भागते. ती कुठे ठेवायची हे डोळ्यांनी ठरवू नका, कारण डोळा नेहमी दाट गवताकडे जातो. खिशातल्या नोटेच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे घ्या, तेवढी पावले पुढे चाला. दुसऱ्या नोटेचे दोन आकडे घ्या, तेवढी पावले उजवीकडे जा. असे किमान पाच चौकोन हवेत. पायात गमबूट आणि हातात काठी असू द्या. ऑक्टोबरच्या गवतात घोणस आणि फुरसे दोन्ही असतात.

विळ्याने गवत जमिनीलगत कापा. हिरवे एका पिशवीत आणि यंदाचेच पण वाळलेले दुसऱ्या पिशवीत ठेवा. गेल्या वर्षीचा काळपट कुजका भाग बाजूला काढा, तो यंदाच्या उत्पादनात धरायचा नाही. वर्तमानपत्रात पसरून कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवा. लागोपाठ दोन दिवसांच्या वजनात फरक पडला नाही की वाळले असे समजा. ओव्हन मिळाला तर ८० अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा. नुसत्या उन्हात वाळलेल्या गवतात ८-१० टक्के ओल राहतेच, ती वजा करा.

समजा सरासरी ४०० ग्रॅम आले. ४०० गुणिले १७ म्हणजे ६,८०० किलोज्यूल, अर्थात ६.८ मेगाज्यूल. पावसाळ्याच्या १२० दिवसांत ढगांमुळे रोज १५ मेगाज्यूल ऊन धरले तर एकूण १,८०० मेगाज्यूल पडले. म्हणजे गवताने जमिनीवर दिसेल असे साठवले ते अवघे ०.३८ टक्के. जमिनीखालची मुळे अनेकदा वरच्या भागाइतकीच किंवा त्याहून जड असतात, ती धरली तरी आकडा एक टक्क्याच्या आसपासच घुटमळतो. विद्यार्थ्यांना वाटते काहीतरी चुकले. चुकलेले नसते, निसर्गातला आकडा खरोखर एवढाच लहान आहे.

ताडून पाहायला ऊस घ्या. एकरी ४० टन, म्हणजे हेक्टरी १०० टन ऊस निघाला तर वाढे आणि पाचटासकट वाळलेले वजन हेक्टरी साधारण ४० टन भरते. चौरस मीटरला ते ४ किलो, म्हणजे ६८ मेगाज्यूल. वर्षाचे ऊन साधारण ६,५०० मेगाज्यूल. ऊस एक टक्का गाठतो, तेही बारमाही पाणी, खत आणि उष्ण हवेत प्रकाशसंश्लेषण उत्तम चालवणारी आपली खास शरीररचना यांच्या जोरावर.

गायरानात एक वाढीव काम जरूर करा. जूनमध्येच एका जागी काटेरी कुंपण घालून जनावरांना आत येऊ देऊ नका. ऑक्टोबरात आतला चौकोन आणि बाहेरचा चौकोन कापून वजनांतला फरक काढा. तो फरक म्हणजे गाई-म्हशींच्या पोटातून पुढच्या पातळीवर गेलेली ऊर्जा. कुंपण नसेल तर चरलेले गवत हिशेबातून गायब होते आणि गायरान आहे त्यापेक्षा ओसाड वाटते.

तलावातल्या बाटल्या

पाण्यातले उत्पादन करणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे कापून तोलता येत नाहीत. त्यांनी सोडलेला प्राणवायू मात्र मोजता येतो. उजेडातली आणि अंधारातली बाटली ही पद्धत १९२७ मध्ये नॉर्वेच्या समुद्रात वापरली गेली आणि आजही ती शिकवायला सर्वांत चांगली आहे. रंकाळा, कळंबा किंवा राजाराम तलाव, कुठेही करता येते. आधी महापालिका किंवा ज्यांच्या ताब्यात तलाव आहे त्यांची परवानगी घ्या. काठावरून खोल पाण्यात एकट्याने उतरू नका.

आधी पाणी किती गढूळ आहे ते पाहा. डब्याचे २० सेंटीमीटर व्यासाचे गोल झाकण घ्या, त्याचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मध्ये वजन बांधा आणि खुणांच्या दोरीने सावलीच्या बाजूने पाण्यात सोडा. झाकण दिसेनासे होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी काढा. तिच्या साधारण अडीच ते तीन पट खोलीपर्यंत प्रकाशसंश्लेषण चालते. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात ही चकती ३०-४० सेंटीमीटरलाच दिसेनाशी होते, म्हणजे तलाव कितीही खोल असला तरी त्याचे 'शेत' वरच्या मीटरभरातच असते.

आता बाटल्या. काचेच्या बुचाच्या ३०० मि.लि.च्या सहा बाटल्या घ्या. दोन सुरुवातीचा प्राणवायू मोजायला, दोन उजेडाच्या आणि दोन अंधाराच्या. अंधाराच्या बाटल्यांना आधी काळी चिकटपट्टी गुंडाळा, तिच्यावर अॅल्युमिनियमचा कागद चढवा. बूचही झाका. इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात: बाटली काळी केली, बूच उघडे राहिले आणि वरून ऊन आत शिरले.

ज्या खोलीवर बाटल्या टांगायच्या तिथलेच पाणी घ्या. रबरी नळी बाटलीच्या तळाशी टेकवून पाणी हळू भरा आणि बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वरून वाहू द्या. बूच लावताना एकही बुडबुडा आत राहता कामा नये. एका बुडबुड्यातला प्राणवायू सगळा निकाल बदलून टाकतो.

सुरुवातीच्या दोन बाटल्यांतला प्राणवायू तिथेच काठावर बांधून टाका. त्यासाठी २ मि.लि. मँगनीज सल्फेट आणि २ मि.लि. अल्कली-आयोडाइड-अझाइड पिपेटचे टोक पाण्याखाली ठेवून सोडा, बूच लावून बाटली उलटीपालटी करा. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढरा बसला तर जवळजवळ नाही. साका खाली बसल्यावर २ मि.लि. तीव्र गंधकाम्ल घाला. अझाइड विषारी आहे आणि आम्ल भाजते, म्हणून हे काम हातमोजे आणि चष्मा घालून, जाणत्या शिक्षकाच्या हाताखालीच व्हावे.

बाकीच्या चार बाटल्या एकाच खोलीवर आडव्या टांगा. वर रिकामा प्लॅस्टिकचा कॅन तरंगता ठेवा आणि दोर खुंटीला बांधा. सकाळी १० ते दुपारी २ ही वेळ चांगली. दिवसभर ठेवायचा मोह टाळा. बंद बाटलीच्या काचेवर जिवाणू वाढतात आणि खरे चित्र बदलते. पाणी फार हिरवे असेल तर दोनच तास ठेवा, नाहीतर उजेडाच्या बाटलीत प्राणवायूचे बुडबुडे सुटतात आणि बूच काढताच ते उडून जातात.

नंतर चारही बाटल्यांतला प्राणवायू तसाच बांधा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत २०० मि.लि. नमुन्याचे ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन) करा. पिवळा रंग गवताच्या काडीसारखा फिका झाला की स्टार्च घाला, निळा रंग येईल. तो नाहीसा होईपर्यंत जेवढे मि.लि. लागले तेवढे मि.ग्रॅ. प्राणवायू प्रतिलिटर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे, त्यामुळे २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू पूर्ण मुरला तरी आकडा ८.३ ऐवजी ७.७ च्या आसपास येतो. हवेवर जुळवून घ्यायचा मीटर वापरत असाल तर त्यात उंची भरायला विसरू नका.

नमुन्याचा हिशेब असा. सुरुवातीला ६.४, उजेडात ७.९, अंधारात ५.२. अंधारात कमी झालेले १.२ म्हणजे श्वसन. उजेडात वाढलेले १.५ म्हणजे निव्वळ उत्पादन. दोन्हींची बेरीज २.७ म्हणजे स्थूल उत्पादन. १ मि.ग्रॅ. प्राणवायूमागे साधारण १४ ज्यूल धरले तर लिटरला ३८ ज्यूल, म्हणजे घनमीटरला ३८ किलोज्यूल. वरच्या एका मीटरच्या थरात सरासरी हेच उत्पादन धरले आणि त्या चार तासांत ३.२ युनिट, म्हणजे ११,५०० किलोज्यूल ऊन पडले असे मानले, तर पुन्हा ०.३३ टक्के. खरी सरासरी काढायची तर तीन खोल्यांवर बाटल्या टांगायला हव्यात.

या प्रयोगाने तलावाकडे बघण्याची नजर बदलते. सांडपाण्यातले नत्र-स्फुरद मिळाले की शेवाळ आणि केंदाळ माजते. केंदाळाची चटई पसरली की तिच्याखालचा सगळा तलाव अंधाराची बाटली होतो: श्वसन चालू, उत्पादन बंद. शेवाळाने हिरव्या झालेल्या तलावात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो, पण रात्रभर तेच शेवाळ आणि त्याचे कुजणारे अवशेष तो खाऊन टाकतात. दोन-चार दिवस आभाळ भरून राहिले की पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसतात. म्हणून तलावाची तब्येत पाहायची तर पहाटे पाचला पाणी घ्या. दुपारचा आकडा चांगला आला म्हणून समाधान मानू नका.

पाच अळ्या आणि सोनारकाटा

ऊर्जा एका पातळीवरून दुसरीवर जाताना कुठे गळते, हे पाहायला अळीसारखे जनावर नाही. लिंबू किंवा कढीपत्त्याच्या झाडावर पावसाळ्यात लिंबू-फुलपाखराच्या अळ्या येतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या काळ्या-पांढऱ्या असतात, शेवटच्या अवस्थेत हिरव्यागार होतात. नुकतीच कात टाकून हिरव्या झालेल्या पाच अळ्या घ्या, कारण सर्वांत जास्त खाणे याच अवस्थेत होते. कात टाकण्याच्या बेतात असलेली अळी दिवसभर काही खात नाही, ती घेतली तर प्रयोग वाया जातो. झाडावर औषध फवारलेले नाही याची खात्री करा. रोपवाटिकेतून आणलेल्या नव्या झाडाची पाने टाळा.

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो, गुजरीतल्या सराफाकडे असतो तसा. झाडावरून एकाच वेळी पाने तोडा आणि दोन ढीग करा. एक १० ग्रॅमचा ढीग लगेच वाळवा. समजा तो ३.२ ग्रॅम भरला, म्हणजे पानात ३२ टक्के सुके वजन. दुसरा ढीग १५ ग्रॅमचा, तो अळ्यांना खायला. त्याचे सुके वजन ४.८ ग्रॅम धरायचे. पाने तीन दिवसांत थोडी थोडी द्या आणि देठ ओल्या कापसात ठेवा. डब्याच्या तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधा, झाकण लावू नका. बंद डब्यात वाफ धरते, लेंड्यांना बुरशी येते आणि अळ्या आजारी पडतात.

तीन दिवसांनी अळ्या पुन्हा तोला. उरलेली पाने आणि लेंड्या वेगवेगळ्या वाळवून तोला. समजा उरलेली पाने १.६ ग्रॅम, म्हणजे खाल्ले ३.२ ग्रॅम. लेंड्या १.८५ ग्रॅम, म्हणजे अंगी लागले १.३५ ग्रॅम. पाचही अळ्यांचे मिळून ओले वजन २.७५ ग्रॅम वाढले. अळीच्या अंगात साधारण ८५ टक्के पाणी धरा (अळी मारून वाळवायची गरज नाही), म्हणजे सुकी वाढ ०.४१ ग्रॅम. पानातल्या शंभर भागांपैकी ५८ विष्ठेत, २९ श्वसनात आणि जेमतेम १३ अळीच्या अंगावर.

अळीचे वजन अचानक उतरले आणि डब्यात पातळ विष्ठा दिसली तर ती कोषात जायची तयारी आहे, मोजणी तिथेच थांबवा. एखादी अळी भरपूर खाऊनही वाढत नसेल तर तिच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची पिल्ले असू शकतात. तो अपयशी नमुना म्हणून फेकू नका, ती अन्नसाखळीची पुढची पातळी आहे. बाकीच्या अळ्या प्रयोग संपल्यावर त्याच झाडावर सोडा.

आता 'दहा टक्क्यां'कडे वळू. रेमंड लिंडेमन याने १९४२ मध्ये मिनेसोटातल्या सीडर बॉग तलावाचा असा हिशेब मांडला. त्याच्या आकड्यांत वनस्पतींनी उन्हाचा ०.१ टक्का बांधला, त्यातले १३.३ टक्के शाकाहारी पातळीपर्यंत पोहोचले आणि शाकाहारींकडचे २२.३ टक्के मांसाहारींपर्यंत. दहा टक्के हा निसर्गाचा कायदा नाही, लक्षात ठेवायला सोयीचा मध्यम आकडा आहे. म्हैस पाहा. वैरणीतला जवळपास निम्मा भाग शेण म्हणून बाहेर पडतो, आणि ते शेण गोबरगॅसच्या टाकीत जिवाणूंचे अन्न होते, नंतर शेगडीवर जळते.

वाघाच्या बाबतीत हीच गणिते कठोर होतात. एका वाघाला वर्षाला साधारण ५० मोठी भक्ष्ये लागतात आणि ती संख्या न घटता टिकायची तर त्या जंगलात सुमारे ५०० भक्ष्यप्राणी हवेत. म्हणून सह्याद्रीत वाघ टिकवायचा प्रश्न हा आधी गवत, सांबर आणि गव्यांचा प्रश्न असतो.

पाचट: जिथे बहुतेक ऊर्जा जाते

आकृत्यांत गवत-नाकतोडा-सरडा-शिकरा अशी साखळी मोठी आणि कुजवणारे जीव कोपऱ्यात एका ओळीत दाखवतात. जमिनीवरच्या बहुतेक परिसंस्थांत उलटे घडते. हिरवे कोणी खाण्याआधीच ते वाळून पडते आणि बुरशी, जिवाणू, गांडुळे यांच्या वाट्याला जाते.

ऊस तुटल्यावर एकरी ३ टनांच्या वर पाचट मागे राहते. ३ टन धरले तरी त्यात सुमारे ४५ गिगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे घरगुती गॅसच्या जवळजवळ ७० सिलिंडरांइतकी. काडी लावली की ती काही मिनिटांत आभाळात जाते, नत्र आणि गंधकाचा मोठा भागही धुराबरोबर निघून जातो. ठेवले तर तीच ऊर्जा मातीतल्या जीवांना महिनोन्महिने पुरते.

खोडवा ठेवताना पाचट सरीत पसरा, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटा आणि मोकळे ठेवा. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, मग पाणी द्या. युरिया का, ते समजून घ्या. पाचटात कर्ब फार आणि नत्र अगदी कमी. जिवाणूंना शरीर बांधायला नत्र लागते, ते मिळाले नाही तर ते मातीतले ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग दोष पाचटाला दिला जातो. कोरड्या पाचटावर युरिया टाकून पाणी लांबवले तर नत्र अमोनिया होऊन उडते, म्हणून दोन्ही कामे एकाच दिवशी करा.

किती कुजले हे मोजायला नायलॉनच्या जाळीच्या २० बाय २० सेंटीमीटरच्या पिशव्या शिवा. प्रत्येकीत २० ग्रॅम वाळलेले पाचट भरा, नंबर घाला आणि सरीत पाचटाखाली मातीला टेकवून ठेवा. दर महिन्याला तीन पिशव्या काढा, माती हलक्या हाताने झटका, वाळवून तोला. जेवढे वजन घटले तेवढी ऊर्जा मातीतल्या जीवांनी वापरली. धुऊ नका, बारीक झालेला भाग पाण्याबरोबर जातो आणि कुजणे आहे त्यापेक्षा जास्त दिसते. निम्म्या पिशव्या १ मिलीमीटर जाळीच्या आणि निम्म्या ५ मिलीमीटरच्या करा. बारीक जाळीत गांडूळ शिरत नाही, मोठ्या जाळीत शिरते. दोन्ही पिशव्यांतल्या वजनातला फरक हा त्या रानातल्या गांडुळांचा आणि मोठ्या किड्यांचा वाटा.